हमालाचा चेहरा

१

रोज सकाळी दुधाची पिशवी घेतली की मी चौकातल्या बसथांब्यावर थोडा वेळ बसतो. बस पकडायची नसते. लवकर घरी पोचून करण्यासारखं काही नसतं, आणि त्या वेळी बायको ढब्बूच्या खोलीत असते. ती बाहेर आली की आमच्याकडे चहा होतो. तोवर मी बसतो.

ढब्बू आमचा मुलगा. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे बदलायचं राहून गेलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आजारी पडला. गेला तेव्हा नाव तेच होतं, अंगावर मात्र काही उरलं नव्हतं. बापाच्या खांद्यावर मुलाचं ओझं, याहून जड जगात काही नाही, असं म्हणतात. मी खांदा दिला तेव्हा तो इतका हलका होता की मागचे लोक नकळत भराभर चालायला लागले. कोणीतरी हळूच "सावकाश" म्हणालं.

बसथांब्यासमोर स्मारक आहे. त्याच्यामुळे चौकाला सगळे साहेबाचा चौक म्हणतात. उंच चौथरा, चौथऱ्यावर एक गुडघा टेकलेला हमाल, त्याच्या पाठीवर दारूगोळ्याची पेटी, आणि पेटीवर बूट रोवून उभा असलेला साहेब. डोळ्याला दुर्बीण. सगळं दगडात. परक्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी जिंकलेल्या कुठल्याशा लढाईची आठवण म्हणून हे उभं केलं. लढाई इथे झाली नव्हती. साहेब इथे कधी आला नव्हता. त्या दगडात इथला असा एकच होता, खालचा.

राज्य गेलं त्या वर्षी जमाव स्मारक फोडायला आला. साहेब फार वर होता, काठ्या तिथवर पोचेनात. मग ज्यांच्या काठीला साहेब लागला नाही त्यांनी हमालाचं तोंड फोडलं. तेव्हापासून साहेबाचं नाक शाबूत आहे आणि हमालाला चेहरा नाही. हमालाच्या खांद्यावर आडवी एक पितळी तोफ होती. एका माणसाला पेलणार नाही अशी, पण स्मारकातले हमाल काहीही पेलतात. ती तेवढी नगरपालिकेने उतरवून गोदामात नेऊन टाकली.

हे सगळं मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो, म्हणजे बघत नव्हतो. समितीचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

२

स्मारकाचं पुढे काय करायचं हे ठरवायला नगरपालिकेने समिती नेमली आणि लेखक म्हणून मला घेतलं. "जा," बायको म्हणाली. "तेवढंच चार माणसांत बसाल."

माणसं बरोबर चारच होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना ऐकू कमी यायचं आणि ते त्याचा योग्य उपयोग करायचे. इतिहासाचे एक प्राध्यापक. एक निवृत्त कर्नल. आणि मी.

"साहेबाला खाली उतरवा," प्राध्यापक पहिल्याच बैठकीत म्हणाले. "त्याला वर बोलावलं कोणी होतं?"

"त्या लढाईत मेले ते आपलेच होते," कर्नल म्हणाले. "माझे आजोबा होते त्यात. पगार त्यांचा, रक्त आपलं."

"मग पुतळा पगाराचा का? रक्ताचा उभारायचा."

"उभारा की! पण असलेला पाडून नव्हे. मी तर म्हणतो, ती तोफसुद्धा परत चढवा. होतं तसं दिसू दे. लाज वाटू दे बघणाऱ्याला."

"म्हणजे तोफ त्यांची आणि लाज आपण बाळगायची. वा, कर्नलसाहेब!"

"काय म्हणाले?" अध्यक्षांनी कान पुढे केला.

"चहा सांगू का, विचारतायत," मी म्हणालो.

मला दोघांचंही पटत होतं. पाडलं तर जे झालं ते झालंच नाही असं वाटायला लागेल, ठेवलं तर त्यात काही वावगं नव्हतं असं वाटेल. घरी येऊन मी हे सगळं बायकोला सांगायचो. साहेब, तोफ, कोण काय म्हणालं. ती ऐकायची, निदान माझ्याकडे बघत तरी असायची.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, "तूर्त आपण हमालाला चेहरा देऊ या."

प्राध्यापकांनी टेबलावर थाप मारली. कर्नलनाही ते मान्य झालं. मोडलेलं दुरुस्त करायला सैनिकाची कधी ना नसते, असं ते म्हणाले. ठराव मीच लिहिला: हमालाला चेहरा द्यावा, तो कुणा एका व्यक्तीचा नसावा, सर्वांचा वाटावा. नवा फलक लावावा. वर्षभराने साहेबाचा फेरविचार करावा.

फलकही मीच लिहिला. 'वर उभा आहे त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या पाठीवर तो उभा आहे, त्याचं नाव कोणी विचारलं नाही.' प्राध्यापकांनी वाचून माझा हात हातात घेतला. मलाही ते वाक्य आवडलं होतं.

३

चेहऱ्याचं काम एका शिल्पकारबाईंना दिलं होतं. फलकाचा आकार विचारायला म्हणून मी त्यांच्या शेडवर गेलो. ओल्या मातीचा वास, पत्र्यावर तापलेलं ऊन, आणि एका फळीवर ओळीने मांडलेली मातीची डोकी.

"बघा ना," त्या हात पुसत म्हणाल्या. "सगळ्यांचा चेहरा करायला गेलं की कुणाचाच होत नाही. हा तर सरकारी जाहिरातीतला सुखी माणूस झालाय."

त्यांच्याकडे जुन्या हमालांचे फोटो होते. चेहरे सगळे पुसट. फोटो काढणाऱ्याचं लक्ष सामानावर होतं.

मी खिशातून ढब्बूचा फोटो काढून टेबलावर ठेवला. आजाराच्या आधीचा. ओठ मिटलेले, नुकतंच कोणीतरी काहीतरी विचारलंय आणि आता तो उत्तर देणार आहे, असा.

"हा कोण?"

"एक मुलगा."

त्यांनी फोटो बघितला, मग माझ्या नाकाकडे बघितलं. "ठरावात कुणा एकाचा नको म्हटलंय."

"ठराव मी लिहिलाय."

त्या बराच वेळ मातीचा गोळा दाबत राहिल्या. "आमचे गुरुजी सांगायचे," त्या म्हणाल्या, "उभ्या मूर्तीला, बसलेल्या मूर्तीला माणूस बघून चेहरा द्यावा. ओझ्याखालच्या मूर्तीला मनाने द्यावा."

"का?"

"विचारलं नाही कधी."

मला त्या हमालाचे खांदे दिसत होते. रुंद, भरलेले, दंडाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शेवटी शेवटी ढब्बूला कुशीवर वळवताना त्याचा खांदा माझ्या मुठीत मावायचा. त्या खांद्यांवर तो चेहरा एकदा बघायचा होता, बाकी काही नाही.

"डोळे कसे ठेवू?" त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांनी माझं ऐकलं होतं.

"उघडे," मी म्हणालो. "उघडेच ठेवा."

शेवटच्या दिवसांत ढब्बूला बोलता येत नव्हतं. आम्ही विचारायचो, दुखतंय का रे? तो दोन्ही डोळे हळूच मिटायचा. म्हणजे नाही. खोलीबाहेर आल्यावर नर्सने एकदा सांगितलं की इतक्या वेदनेत माणूस ओरडतो. तो आमच्यासाठी डोळे मिटत होता. तरी आम्ही रोज विचारत राहिलो. त्या उत्तराने बरं वाटायचं.

४

चेहरा बसला. समारंभ नव्हता. सकाळी बांबूची परांची उतरवली आणि मी बसथांब्यावर होतो तिथूनच बघितलं.

तो ढब्बू होता. ओठ मिटलेले, डोळे उघडे, नजर जराशी खाली. बरोबर बसथांब्याकडे. खांदे रुंद.

"चांगल्या घरचा पोरगा वाटतो," कर्नल काठीवर रेलून म्हणाले.

"आणि साहेब केवढासा दिसायला लागला बघा," प्राध्यापक म्हणाले. त्या दिवशी दोघांनी माझी पाठ थोपटली.

बायकोला मी सांगितलं नाही. ती घराबाहेर पडतच नव्हती, त्यामुळे काही लपवावंही लागलं नाही. मी दूध आणायला थोडा लवकर निघू लागलो, एवढंच. बसथांब्याच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसलं की हमालाच्या मागे किल्लीवाल्याच्या दुकानाची लाल पाटी दिसायची. पाटीच्या वरच्या कडेवर ढब्बूची हनुवटी अशी नेमकी टेकायची, जशी तो लहानपणी खिडकीच्या चौकटीवर टेकायचा.

एका सकाळी हनुवटीने पाटीवरच्या अक्षरांच्या वरच्या रेघा झाकल्या होत्या.

मी बाकावर सरकून बसलो. चष्मा पुसला. परत सरकलो. मग वाटलं, पाटीच कोणी वर सरकवली असेल, आणि दूध नासेल म्हणून उठलो. थोड्या दिवसांनी त्या पाटीवर काय लिहिलंय ते बसथांब्यावरून वाचता येईनासं झालं.

५

"पाटी? माझ्या बापाने ठोकलीय ती. हलायची नाही," किल्लीवाला म्हणाला. तो कानशीने किल्ली घासत होता. "काका, तुम्हाला एक सांगू? संध्याकाळी साहेबाची सावली माझ्या उंबऱ्यावर यायची. दुर्बीण बरोबर माझ्या पायावर. आता उंबऱ्याच्या अलीकडेच थांबते. साहेब घाबरला मला."

"ऊन बदलतं," मी म्हणालो. "दिवस लहानमोठे होतात."

"ऊन बापजन्मात इतकं बदललं नाही. पण पडला तर माझ्याच दुकानावर पडणार, तेवढं लिहा तुमच्या समितीत."

मी लिहिलं. चौथरा खचत असावा, असा अर्ज दिला. असंच काहीतरी असणार होतं. जुनं बांधकाम, खालून गेलेली पाण्याची लाइन, रस्त्यावरचे ट्रक. एक तरुण इंजिनिअर तिपाई घेऊन आला, दुर्बिणीतून बघितलं, वाकून बघितलं.

"चौथरा जागच्या जागी आहे काका. सूतभरही हललेला नाही."

"आणि वरचं?"

"वरचं आमच्याकडे नाही. ते वारसा विभागाकडे." त्याने तिपाई मिटली. "चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा."

मी तपासून घेतला. नंबर तोच होता.

दुसऱ्या दिवशी बाकावर न बसता मी थेट चौथऱ्याखाली जाऊन उभा राहिलो. इतक्या जवळून मी त्याला पाहिलं नव्हतं. ओठ मिटलेले नव्हते. खूप जड काही उचललेला माणूस दात आवळतो, तसे ते मागे ओढले गेले होते. बाजूने जाणाऱ्या एका बाईने मुलीला थांबवून दाखवलं, "बघ, किती हुबेहूब दुःख दाखवलंय." मुलगी म्हणाली, "आई, त्याचा दात तुटलाय."

पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता. सायकलवरून पडला होता तो, सातवीत असताना. शिल्पकारबाईंना मी दिलेल्या फोटोत तोंड मिटलेलं होतं.

६

त्याच आठवड्यात, सकाळी दूध आणायला निघताना, ढब्बूच्या खोलीतून आवाज आला. एकट्याने कपाट उचलावं तसा. आधी श्वास कोंडलेला, मग दाताच्या फटीतून थोडाथोडा सोडलेला. हातातली पिशवी तशीच ठेवून मी दार ढकललं.

बायको पलंगाच्या कडेवर बसली होती. कपाट भिंतीशी जागेवर होतं. तिचा तळवा गादीवर पसरलेला होता.

"पाठ भरून आलीय त्याची," ती म्हणाली.

"काय?"

"काल पण म्हणत होता. जरा धर ना, आई. काय धरू विचारलं, तर ते सांगत नाही."

"स्वप्न पडलं असेल."

"असेल," ती म्हणाली. गादीवरचा हात तिने काढला नाही. "पण तुम्ही आवाज ऐकूनच आलात ना?"

मी दूध आणायला गेलो. त्या दिवशी बसथांब्यावर बसलो नाही. लांबच्या रस्त्याने गेलो आणि लांबच्या रस्त्याने आलो, आणि दोन्ही वेळा पाठीला रग लागली.

७

फेरविचाराची बैठक जवळ आली होती तेव्हा शिल्पकारबाई दुपारी घरी आल्या. दार बायकोने उघडलं. त्या मला एकट्याला भेटायला आल्या होत्या हे तिला कळलं असावं. ती चहा ठेवायला आत गेली.

शिल्पकारबाईंनी दोन फोटो टेबलावर ठेवले. एक काम झाल्या दिवशीचा, एक कालचा.

"मी तोंड मिटलेलं घडवलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खालचा होता. "आणि ही मान बघा. मान माझी नाहीच, ती जुनी आहे, अखंड दगड आहे. ती कशी वाकेल?"

"चुन्यात ओल धरली असेल."

"दगडात चुना नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मी छिनून काढते चेहरा. एका सकाळचं काम आहे. कुणाला विचारायलाही नको, पुन्हा दुरुस्ती म्हणून सांगू."

"छिनून?"

त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही तो शब्द ऐकू आला असावा. "नाहीतर मग वरचं उतरवा," त्या म्हणाल्या. "साहेब, पेटी, सगळंच. बैठक आहे ना तुमची? ओझंच नसलं तर..."

"उतरवू," मी म्हणालो. खरंच तसं ठरवलं होतं मी. प्राध्यापक तयारच होते, माझं एक मत पुरलं असतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला श्वास पुरता घेता आला.

बायको ट्रे घेऊन कधी आली ते कळलं नाही. ती फोटोंकडे बघत होती. तिने ट्रे ठेवला, कपबशीचा आवाजही होऊ न देता.

"कुठे आहे हा?"

"चौकात," मी म्हणालो.

"कधीपासून?"

मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की शिल्पकारबाई उठून उभ्या राहिल्या.

"आणि तुम्ही रोज दूध आणायला जात होता," बायको म्हणाली.

मग तिने कपाटाखालून चपला ओढून काढल्या. वर्षाची धूळ होती त्यांच्यावर. ती तिने झटकलीही नाही.

८

मी चौकात पोचलो तेव्हा ती चौथऱ्याच्या पायरीवर चढली होती. दुपारची वेळ, रस्ता अर्धा रिकामा. किल्लीवाल्याने यंत्र बंद केलं होतं आणि तो दारात येऊन उभा होता.

ती टाचा उंचावून हात वर करत होती. मला म्हणायचं होतं, अगं, पोचणार नाही. जमावाला काठ्या लागल्या होत्या तिथवर पोचायला. पण तिची बोटं त्याच्या हनुवटीला लागली. ती त्याच्याशी काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. वर साहेब दुर्बीण लावून लांब कुठेतरी बघत होता.

घरी जाताना ती म्हणाली, "गार पडलाय. पण हात पोचतो."

"बैठक आहे," मी म्हणालो. "साहेबाला उतरवणार आहोत. पेटीसकट. सगळं ओझं जाईल त्याच्यावरचं."

"मग?"

"मग काय? सुटेल तो. सरळ होईल."

ती थांबली. रस्त्याच्या मधोमध. "सरळ झाला तर वर जाईल," ती म्हणाली. "मग हात नाही पोचायचा."

मागून एका रिक्षाने हॉर्न दिला. मी तिला हाताला धरून बाजूला घेतलं. तिने परत चौकाकडे वळून बघितलं, अंतराचा अंदाज घ्यावा तसं.

"ती तोफ कुठे असते म्हणालात?"

तिला समजवायला हवं होतं. शब्द लावणं हेच माझं काम आहे, आणि वाक्यं तयारही होती. पण कोपऱ्यावर थांबून तिने भाजी घेतली. कितीतरी दिवसांनी भाजीवाल्याशी घासाघीस केली, त्याला "लुबाडता का आम्हाला" म्हणाली, आणि तो हसला तेव्हा तीही हसली. घरी स्वयंपाक केला. जेवली. आणि रोज त्या खोलीत जाऊन निजायची ती आमच्या खोलीत येऊन, माझ्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचा हात उघडा होता, त्याच्यावर कोणी गाल ठेवावा असा.

आणि खरं सांगायचं तर, मलाही हात लावायचा होता.

९

"तर मग साहेब खाली," प्राध्यापक खुर्चीत बसताबसताच म्हणाले. "लेखक महाशय आपल्या बाजूने आहेत, माझी गणती झालेली आहे."

मी बोलायला लागलो. मी म्हणालो, अर्धं उतरवलेलं ओझं हे खोटं बोलणं आहे. आपण तोफ उतरवली तेव्हा त्या लोकांचं ओझं कमी केलं नाही, आपल्या डोळ्यांना होणारा त्रास कमी केला. स्मारक पाडून इतिहास पाडता येत नाही. ज्यांनी हे लादलं त्यांनी किती लादलं, ते पूर्ण दिसलं पाहिजे. तोफेसकट. मी बराच वेळ बोललो आणि चांगला बोललो. एकही शब्द असा नव्हता जो दुसऱ्या कुठल्या दिवशी मला खरा वाटला नसता.

"हे तुम्ही बोलताय?" प्राध्यापक म्हणाले.

कर्नलकडे मी बघितलं. तोफेचं म्हणणं त्यांचंच होतं, ते खुलतील असं मला वाटलं होतं. ते काठीची मूठ चोळत होते.

"मी म्हणत होतो खरा," ते म्हणाले. "पण तेव्हा त्याला तोंड नव्हतं हो. आता रोज फिरायला जातो तर वाटतं, त्या पोराला... राहू दे. पेटी आहे तेवढी पुरे."

"तुमचे आजोबा, कर्नलसाहेब," मी म्हणालो. "पगार त्यांचा, रक्त आपलं. ते अर्धंच दाखवायचं?"

म्हाताऱ्या माणसाने मत दिलं नाही, एवढंच त्याला जमलं.

"काय ठरलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"मूळ स्वरूपात," मी मोठ्याने म्हणालो. "सगळं मूळ स्वरूपात."

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्या बाजूने हात वर केला.

बाहेर जिन्यात प्राध्यापकांनी मला गाठलं. "त्या फलकाचं काय?" त्यांनी विचारलं. "त्याचं नाव कोणी विचारलं नाही, ते तुमचंच वाक्य ना?" मी म्हणालो, फलक राहील. फलक चांगला आहे.

शिल्पकारबाईंनी ढब्बूचा फोटो पोस्टाने परत पाठवला. पाकिटात दुसरं काही नव्हतं.

१०

सकाळीच रस्ता अडवून क्रेन लावली. तोफ गोणपाटात गुंडाळून आणली होती, घासूनपुसून लख्ख केलेली. हमालाच्या खांद्यावरची जुनी खाच शाबूत होती. इतकी वर्षं वाऱ्यापावसात राहूनही तिच्यात कचऱ्याची काडी नव्हती.

बायकोने घरून घडीची खुर्ची आणि एक उशी आणली होती. कामगारांना वाटलं बाई बघायला आल्यात. एकाने "मावशी, जरा लांब बसा" म्हणून सांगितलं, तेव्हा ती फक्त हसली आणि पायरीवर त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. आता टाचा उंच कराव्या लागत नव्हत्या.

साखळी करकरली. तोफ हळूहळू खाली आली, जराशी गिरकी घेतली, खाचेत बसली. गोणपाटातून धूळ उडाली. आणि मग तो आवाज आला. कोंडलेला श्वास, दाताच्या फटीतून थोडाथोडा. क्रेनवाल्याने इंजिन बारीक केलं आणि कान टवकारले.

"काका, टेकली," तो केबिनमधून ओरडला. "पण भार अजून साखळीवर आहे. सोडू का पूर्ण?"

किल्लीवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून आत उभा होता. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, नाही.

धूळ खाली बसली. बायकोने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं होतं. तिच्या तळव्यांत त्याची हनुवटी पूर्ण मावली होती. ती पुटपुटत होती, आणि या वेळी मी इतका जवळ होतो की मला ऐकू आलं. ती विचारत होती, "दुखतंय का रे?"

शिल्पकारबाईंनी डोळे उघडे घडवले होते. मी सांगितलं होतं तसे.

ते डोळे हळूच मिटले. दोन्ही.

"अहो, बघा," बायको वळून म्हणाली. मी तिला इतकं आनंदात कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "दुखत नाही म्हणतोय."

"काका, सोडू का?" क्रेनवाल्याने पुन्हा विचारलं.

मी हात वर केला आणि खूण केली. सोड.